दिवा लागलेलाच होता, साहेब

निवृत्त झाल्यापासून गाडी मुलगा चालवतो आणि मी शेजारी बसतो. बसलो की दार ओढायच्या आधी वाकून डॅशबोर्डच्या कडेला बघतो, मग समोरचे दिवे एकेक करून न्याहाळतो. मुलगा वैतागतो. "पप्पा, गाडी आपलीच आहे, चोरीची नाही," म्हणतो. त्याचं बरोबर आहे, पण ही खोड मला एका केसनं लावली आणि ती केस काही डोक्यातून जात नाही. नावं कुणाचीच घेणार नाही. माणसं साधी होती, आजही आपापल्या घरी सुखात आहेत.

तेव्हा मी गंगापूर रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उसाचा हंगाम होता. त्या दिवसांत आमच्या हद्दीत निम्मं काम ट्रॉल्यांचंच असायचं. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाक पंक्चर झालं की ट्रॉली आहे तिथंच रस्त्यात उभी करून गडी चहाला मोकळा! अशाच एका उभ्या ट्रॉलीवर तिन्हीसांजेला एक कार मागून जाऊन आदळली. कारची डावी बाजू आत गेली. गाडीत नवरा-बायको दोघंच होते. नवऱ्याच्या पुढची एअरबॅग उघडली, त्याचं मनगटावर निभावलं. बायकोला डोक्याचा मार लागला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा ती बेशुद्ध होती.

आम्ही ट्रॉलीवाल्यावर गुन्हा दाखल केला, पंचनामा केला, कार क्रेननं उचलून ठाण्याच्या आवारात आणून ठेवली. इथपर्यंत सगळं नेहमीचं.

भानगड क्रेनवाल्यानं सुरू केली. गाडी उतरवून झाल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन घुटमळायला लागला. शहरातला माणूस, बोलणं दखनी वळणाचं. "साब, एक बात बोलू? छोटा मुंह, बडी बात. ड्रायव्हर साइड का फुगा खुला, बाजूवाला खुलाच नै. जरा देखो ना."

मी बाहेर गेलो. त्यानं डाव्या बाजूचं दार ओढून उघडलं आणि डॅशबोर्डच्या कडेला बोट दाखवलं. दार बंद असताना झाकलं जातं अशा जागी एक किल्लीचं छिद्र होतं, आणि खाच 'बंद'कडे वळलेली होती. "ये बाजूवाले फुगे का बटन है. चाबी डाले बिना घूमताच नै. किसीने घुमाया तबीच घूमा."

खरं सांगतो, बाजूच्या सीटची एअरबॅग किल्लीनं बंद करता येते हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या ठाण्याच्या जीपमध्ये एअरबॅग सोडा, पेट्रोलचा काटासुद्धा मेलेला होता. ड्रायव्हर टाकीवर थाप मारून किती डिझेल आहे ते सांगायचा. मी म्हणालो पेट्रोलचा काटा, आणि जीप डिझेलची! यावरून माझं गाडीचं ज्ञान ओळखा.

क्रेनवाल्याची जीभ क्रेनपेक्षा लांब होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जखमी मुलीचे वडील ठाण्यात हजर. गंगापूर तालुक्यातले शेतकरी, गावात सगळे त्यांना आबा म्हणत. ठाणे अंमलदारानं खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

"साहेब, हा अपघात नाय. जावयानं माझी लेक मारायला काढली व्हती."

"आबा, काय बोलताय ते कळतंय ना?"

"चांगलं कळतंय. भांडण करून ती म्हयनाभर माझ्याकडं व्हती. परवा हा न्यायला आला. लई गोड बोलला. माझी नात चार वर्षांची, तिला आमच्या घरीच ठेवली. का ठेवली? सोताच्या म्होरं फुगा चालू, माझ्या लेकीच्या म्होरचा बंद! ह्ये आपोआप झालं व्हय?"

तक्रार लिहून घेतली. खुनाच्या प्रयत्नाचा आरोप म्हणजे पोरखेळ नव्हे. लिहिताना आमच्या रायटर हवालदाराचं पेन दोनदा थांबलं, तेव्हा आबा म्हणाले, "लिव्हा, लिव्हा. लेक माझी गेलीय अर्धी."

जावयाला बोलावलं. हाताला प्लॅस्टर, दाढी वाढलेली. बिडकीनच्या बाजूला एका कंपनीच्या गोदामात कामाला, घर शेतीवालं. हा माणूस रडत नव्हता, चिडत नव्हता, खाली बघून बसला होता. नोकरीत मी एक शिकलो होतो. रडणाऱ्याचं रडणं बघून काही ठरवू नये आणि न रडणाऱ्याचं तर मुळीच नाही. तरीपण पाल चुकचुकतेच.

"बायकोच्या बाजूची एअरबॅग कुणी बंद केली?"

त्यानं मान वर केली. "बंद? बंद नव्हती साहेब. चालूच व्हती."

"कशावरून?"

"दिवा लागलेला असायचा की. मधोमध, घड्याळाजवळ, पिवळा. माणूस बसलाय अन् त्याच्या म्होरं फुगा, असं चित्र. रोज गाडी सुरू केली की दिसायचा. त्या दिवशीबी व्हता."

मी जबाब लिहून घेतला, त्याची सही घेतली. माझं डोकं मात्र तिथूनच फिरायला लागलं. दिवा लागलेला होता, मग फुगा फुटला का नाही? कंपनीचा दोष? क्रेनवाल्यानं आवारात किल्ली फिरवली? पण किल्ली तर आमच्या मुद्देमालात सीलबंद होती.

परिवहन कार्यालयाचे मोटार वाहन निरीक्षक तपासणीला आले. शांत गृहस्थ. मी त्यांना जावयाचा जबाब दाखवला. त्यांनी वाचला आणि चष्मा काढला.

"साहेब, हा तर स्वतःच कबूल झालाय. तो पिवळा दिवा एअरबॅग बंद असल्याचा आहे. चित्रावर एक आडवी रेघ असते. बंद केली की दिवा लागतो, चालू असली की विझलेला राहतो."

"म्हणजे लागला की बंद?"

"लागला की बंद."

"आणि विझला की चालू?"

"बरोबर."

"अहो, हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं?"

ते हसले आणि मला डॅशबोर्ड शिकवायला बसले. पट्ट्याचा लाल दिवा लागला तर पट्टा लावलेला नाही. हँडब्रेकचा लागला तर ब्रेक ओढलेला आहे. हेडलाइटचा निळा लागला तर मोठा झोत चालू आहे. ऑइलचा लागला तर ऑइलमध्ये गडबड आहे. एअरबॅगचा आणखी एक लाल दिवा असतो, तो गाडी सुरू करताना लागून विझला पाहिजे, लागून राहिला तर एअरबॅगच बिघडली आहे. एकाच ओळीत बसलेले हे दिवे, एक 'आहे' म्हणतो, शेजारचा 'नाही' म्हणतो. मी ऐकत गेलो आणि जास्तच गोंधळत गेलो. शेवटी म्हटलं, "साहेब, चहा घ्या. हे दिवे आरोपींपेक्षा जड आहेत."

पण गोंधळात एक गोष्ट मात्र लख्ख होती. दिवा बंदचा होता आणि जावई रोज तो बघत होता, असं त्यानंच सहीनिशी सांगितलं होतं. म्हणजे बायकोपुढची एअरबॅग बंद आहे हे त्याला माहीत होतं. तो कागद कोर्टात गेला असता तर माणूस आत गेला असता. माझे सहायक म्हणालेच, "सर, अटक करू या."

अटकेआधी त्याला परत समोर बसवलं. दिव्याचा अर्थ सांगितला. तो पांढराफटक पडला.

"साहेब, आईशप्पथ. आमच्या विहिरीवर खांबाला दिवा टांगलाय. थ्री फेज लाइट आली की त्यो लागतो. घरातून दिसतो, मग मोटर सुरू करायला जायचं. दिवा लागला म्हंजी चालू, ह्येच लहानपणापासून बघितलंय. मी तर रोज बघून म्हणायचो, बरं हाय, हिच्या म्होरचा फुगा चालू हाय."

आता सांगा, यावर विश्वास ठेवायचा की नाही? खोटं बोलणारा माणूस इतकी बावळट गोष्ट रचेल का? की आपण बावळट वाटावं म्हणूनच रचली? मी दिवसभर चिडचिड केली. आबांच्या घरी हवालदार पाठवला, तर तिथं वेगळंच निघालं. आजीनं सांगितलं, नात आपल्या हट्टानं मागं राहिली होती. शेळीला नवं करडू झालं होतं, पोरगी त्याला सोडून गाडीत बसेना. बापानं उलट उचलून नेऊन बसवली होती, तर ती रडून दार उघडून पळाली. एक संशय गळाला. पण किल्ली? ती कुणीतरी फिरवली होतीच.

मग मी एक केलं. त्याच बनावटीची दुसरी गाडी ओळखीच्या एकाकडून मागवली, बाजूची एअरबॅग किल्लीनं बंद केली आणि गाडी ठाण्यासमोर उभी केली. पहिल्यांदा आमचा रायटर बसवला. "सांग, बाजूचा फुगा चालू की बंद?" तो म्हणाला, "चालू, सर. दिवा आहे ना." अटकेची घाई करणारे माझे सहायक बसले, तेही म्हणाले चालू. मग मात्र मी आबांना बोलावलं. आबा त्या दिवशी परत विचारायला आले होते, जावयाला अजून बेड्या का नाहीत म्हणून.

"आबा, जरा गाडीत बसा. तो पिवळा दिवा बघा. तुमच्या पुढचा फुगा आत्ता चालू आहे का बंद?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की याला एवढंही कळत नाही. "चालू हाय की! दिवा लागलाय न्हवं?"

मी दार उघडून त्यांना डॅशबोर्डची कड दाखवली. किल्लीची खाच दाखवली. मग जावयाचा जबाब वाचून दाखवला, अक्षर न् अक्षर. विहिरीवरच्या दिव्यापर्यंत आलो तेव्हा आबा गाडीतून उतरले आणि ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसले. मग एवढंच म्हणाले, "पर मग बटण फिरवलं कुणी?"

त्याचं उत्तर मुलगी शुद्धीवर आल्यावर मिळालं. दवाखान्यातून फोन आला, डॉक्टरांनी जबाबाला परवानगी दिली. दुपारी मी आणि रायटर गेलो. आबा खाटेपाशी उभे होते. जावई बाहेर बाकावर, आमच्या शिपायाशेजारी. अपघात झाल्यापासून आबांनी त्याला त्या खोलीच्या दारात पाऊल ठेवू दिलं नव्हतं.

मुलगी हळू बोलत होती, पण स्पष्ट. पट्टा लावला होता, म्हणाली, पण साडीच्या निऱ्या अन् पदर चुरगळतो म्हणून काखेखालून घेतला होता. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग मी बटणाचं विचारलं.

"ते मीच बंद केलं," ती म्हणाली. "गाडी घेतली तेव्हा पोरगी तान्ही व्हती, माझ्या मांडीवर बसायची. आबाच म्हणले व्हते ना, फुगा लेकराच्या तोंडावर फुटतो, बंद करून टाक. मग शोरूमच्या माणसाला इचारून मीच किल्ली फिरवली. नंतर पोरगी मागं बसायला लागली अन् मी इसरूनच गेले. ह्यांला तर सांगितलंबी नव्हतं." थोडं थांबून तिनं विचारलं, "हे कुठं हायेत? लागलंय का त्यांना?"

आबांनी खाटेचा गज धरला होता.

आबांचा तो सल्ला अर्धा खरा होता, आणि तेच वाईट. एअरबॅग मोठ्या माणसाला वाचवते आणि मांडीवरच्या लेकराला चिरडू शकते. पण त्याचा उपाय बटण नव्हे. लेकराला मागच्या सीटवर, त्याच्या खुर्चीत बसवायचं असतं. आणि कधी बंद केलीच, तर मोठं माणूस बसताना आठवणीनं चालू करायची असते. हे मला निरीक्षकांनी सांगितलं होतं. आबांना कोण सांगणार? त्यांनी नातीच्या मायेपोटी लेकीला सल्ला दिला होता आणि ते स्वतः विसरूनही गेले होते, लेकीनं मात्र बापाचं ऐकलं होतं.

आबा बाहेर आले. जावई सवयीनं उठून उभा राहिला. "आबा, कशीय ती?" त्यानं विचारलं. आबांनी दार उघडून धरलं. "जावा पाव्हणं. तुमचंच नाव काढलं तिनं."

दोन दिवसांनी आबा ठाण्यात आले. तक्रार मागं घ्यायची म्हणाले. मी समजावलं की अशी मागं घेता येत नाही, मी गैरसमजाचा अहवाल कोर्टात पाठवतो, ट्रॉलीवाल्याची केस मात्र चालेल. त्यांनी मान हलवली, पण जागचे उठले नाहीत.

"मग माझ्यावर घाला गुन्हा. लेकीला मीच म्हणलो व्हतो बंद कर म्हणून. लिव्हा तसं."

इतकी वर्षं खाकीत काढली. गुन्हा नाकबूल करणारे ढिगानं भेटले, आणि कबुली कशी काढायची यात आमचं आयुष्य गेलं. न केलेला गुन्हा कबूल करायला हट्टानं बसलेला माणूस पहिल्यांदा बघत होतो. त्या केसनं मला शिकवलं ते एवढंच, की माणसानं काय पाहिलं हे विचारून तपास पुरा होत नाही, पाहिलं त्याचा त्यानं काय अर्थ लावला हेही विचारावं लागतं. जावयानं दिवा बघितला, आबांनी बटण बघितलं. दोघांनी खरं तेच सांगितलं होतं, आणि त्या खऱ्यावर एक माणूस तुरुंगात जाणार होता. पण हे शहाणपण आबांच्या काय कामाचं?

"आबा, असा गुन्हा कायद्यात नाही," मी म्हटलं. "घरी जा."

ते तसेच बसून राहिले. शेवटी बाहेर थांबलेला जावईच आत आला. प्लॅस्टरचा हात छातीशी धरून दुसऱ्या हातानं त्यानं सासऱ्याचा दंड धरला. "आबा, उठा," तो म्हणाला. "तिला भेटायचा टाइम झालाय, अन् तुमच्याबिगर ती जेवत नाय."