मामेसासऱ्यांचा स्पा

जगात अनोळखी माणूस नावाचा काही प्रकार असतो, हे आमच्या मामेसासऱ्यांना आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. मामेसासरे म्हणजे बायकोचे मामा. राहणार सोनई, धंदा शेती. नगरच्या एसटीत बसले की घोडेगाव यायच्या आत शेजारच्याचं गाव, भावकी, विहिरीचं पाणी आणि मुलीचं अडलेलं लग्न, एवढा ऐवज त्यांच्या पदरात पडलेला असतो. एकदा ‘कर्ज हवंय का’ म्हणून कुठल्याशा बँकेच्या मुलीचा फोन आला. दुसरा कोणी खेकसला असता. मामांनी तिचा खोकला ऐकला आणि अडुळशाचा काढा कसा करायचा ते अर्धा तास समजावलं. ती मुलगी आता दर दिवाळीला त्यांना फोन करते. मी सख्खा भाचजावई असून मला हे जमलेलं नाही.

आमची नागापूरची कंपनी यंदा साहेब लोकांना सहकुटुंब गोव्याला घेऊन गेली. समुद्राला लागून भलंमोठं रिसॉर्ट, तीन-तीन स्विमिंग पूल, स्पा. माणशी दोघांना सोबत नेता येत होतं. मुलगा होस्टेलवर, तेव्हा बायको म्हणाली, “मामांनी समुद्र पाहिलेला नाही.” मी हो म्हणालो खरा, पण मनातून नको होतं. त्या मुक्कामात थोरले साहेब प्लांटचा नवा प्रमुख ठरवणार होते, आणि तो मीच असावा अशी माझी फार दिवसांची आस होती. अशा वेळी मामा म्हणजे हातात फटाका घेऊन गवताच्या गंजीवर बसणं.

आणि मामांनी मला निराश केलं नाही. दारातल्या रखवालदाराने सलाम ठोकला तर यांनी त्याला मिठीच मारली. पूल बघून मॅनेजरला विचारलं, “एवढं पानी साठवलंय, पन भिजवायचं रान कुठं हाय?” समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि “मापाला लई हाय, पन कामाचं न्हाई,” असा निकाल देऊन टाकला. जेवायला बसले की पाठीशी उभ्या असलेल्या वेटरला ओढून शेजारी बसवायचे. “उभ्या मानसादेखत घास उतरत न्हाई, बाबा.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीतून पाहिलं, तर अंगात हॉटेलचा पांढराशुभ्र झगा, डोक्याला गांधी टोपी, अशा अवतारात मामा हिरवळीवर उकिडवे बसून माळ्याबरोबर लव्हाळा उपटत होते. बायको पोट धरून हसली. मी पडदा ओढून घेतला.

स्पा त्यांना नकोच होता. पण गुडघे दुखतात म्हणून बायकोने गळ घातली, आणि एकदा भाचीने गळ घातली की मामांचा नाइलाज. स्पाच्या ओसरीवर आम्ही झगे घालून वेताच्या खुर्च्यांत ओळीने बसलो. थोरले साहेब, त्यांची बायको, मी, आणि टोकाला मामा. माझी बायको आधीच आत गेलेली होती. मालिशच्या आधी तिथे पाय धुण्याची पद्धत आहे. मणिपूरकडची एक मुलगी पितळी घंगाळात कोमट पाणी, त्यात गुलाबाच्या पाकळ्या घेऊन आली आणि मामांच्या पायांशी बसली. मामा विंचू चावल्यासारखे उठले.

“नको, नको. बेटी, तुमारा गाव कौनसा? पिताजी हाय?”

तिने मान हलवली. वडील नव्हते.

“मग तर न्हाईच. लेकीनं बापाचं पाय धुयाचं नसतं, बाय. बापानं लेकीचं धुयाचं असतं. हमारे में ऐसाच हाय. चलेगा ना?”

ती आधी लाजली, मग हसत हो म्हणाली. मामांनी तिला खुर्चीत बसवलं, स्वतः फरशीवर मांडी ठोकली आणि देवाची मूर्ती धुवावी तसे तिचे पाय धुतले. खांद्यावरच्या पंच्याने पुसले. टेकायला कुंकू नव्हतं, तर एक पाकळी उचलून तिच्या पावलावर ठेवली. पोरीचं हसू कधीच थांबलं होतं, ती डोळे पुसत होती. साहेबांच्या बायकोने मोबाईल वर केला. साहेब माझ्याकडे वळून हसू दाबत म्हणाले, “कमाल आहे! हे तुमचे कोण?”

मी म्हणालो, “कोणी नाही, सर. गावाकडचे आहेत. गाडीत जागा होती म्हणून आले.”

मामांनी एकदाच वर पाहिलं, आणि पंचा पिळायला घेतला. मला तेव्हाच जमिनीने पोटात घ्यायला हवं होतं. माझ्या बायकोचे वडील ती लहान असतानाच गेले. तिचं कन्यादान याच माणसाने केलं. भर मांडवात, सगळ्या सोनईसमोर त्याने माझेही पाय असेच धुतले होते, आणि मी ऐटीत पुढे केले होते.

त्या संध्याकाळी मामा आमच्या टेबलावर आले नाहीत. लांब कोपऱ्यात ड्रायव्हर मंडळींत बसले. बायकोने विचारलं तर म्हणाले, “हितं वारं लई लागतंय गं.” मी समोरून गेलो तेव्हा उठून उभे राहिले आणि म्हणाले, “राम राम, साहेब.” निघताना थोरल्या साहेबांनी त्यांना गमतीने विचारलंच, “काय बाबा, कशी झाली सहल?” मामांनी हात जोडले. “ह्यांची किरपा. वळख ना पाळख, पन गाडीत जागा दिली. मानूस लई मोठ्या मनाचा हाय.” माझं खोटं त्यांनी असं स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं. मी शेजारीच उभा होतो. महिन्याभराने प्लांट मला मिळाला.

पेढे घेऊन सोनईला गेलो. बायकोला अजून काही ठाऊक नाही, म्हणून एकटाच गेलो. मामा पारावर चारचौघांत बसले होते. वाटेत सगळं घोकलं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, “मी यांचा जावई.”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मामांनी धोतराने जागा झटकून मला शेजारी बसवलं आणि हळूच म्हणाले, “हितं समद्यांना ठावं हाय, जावईबापू. मी कवाच लपवलं न्हाई.”

सांगायचं होतं ते नागापूरला. तिथे मी अजून सांगितलेलं नाही.