डान्झिगहून परतलेला परशू

कुंभारवाड्याचा परशू सागाच्या ओंडक्यांबरोबर काळी नदीनं कारवारला उतरला, ते १९०४ साल. तिथं एका शिडाच्या जहाजाला लाकूड तासणारा हवा होता, हा चढला. घरी निरोप धाडला, पण तो पोचलाच नाही. तीन पावसाळे वाट पाहून धाकट्या चंद्रानं भावाच्या नावानं गवताचा पुतळा जाळला, बारावं घातलं. वहिनीच्या, काशीच्या बांगड्या फुटल्या.

चौथ्या वर्षी परशू अंगणात उभा.

"तिथंच थांब," चंद्रा म्हणाला. "मेलेल्याला उंबरा न्हाई."

कुणब्यांचा मुख्य, बुधवंत नागू, धावत आला. "परश्या, व्हतास कुठं?"

"डान्झिगला. पार वरच्या थंड समुद्राकाठी. लाल विटांचं जुनं शहर. नदीकाठच्या वेशीतच लाकडी यारी हाय, आख्खी डोलकाठी उचलती. ओंडके नदीतनंच येतात, आपल्यागत."

"मग, पंचारती घेऊन आले का तुला न्यायला?" जमलेल्या गावकऱ्यांतनं कुणीतरी विचारलं.

सगळे हसले. तिथल्या खाणावळवाल्यानं त्याला दारातूनच हाकललं होतं. धक्क्यावरच्या बायांनी थुंकी लावून त्याचा हात घासला होता, रंग जातो का बघायला. जहाज निघेपर्यंतच्या सात रात्री त्यानं ओंडक्यांच्या आडोशाला काढल्या. हे त्यानं पुढं फक्त काशीला सांगितलं.

नागूनं तोड काढली. "छपराचं गवत सारून वरनं घरात उतर. सुईण न्हाऊ घालील, बाराव्या दिवशी नवं नाव ठेवू. मग तू जिता."

"आन् मांडावरचा पयला नारळ?" मांडावर, गावच्या देवाच्या जागेवर, तो याच घरातल्या थोरल्यानं फोडायचा. तो मान परशूचा.

"आज जन्मलेला थोरला कसा?" चंद्रा म्हणाला. "माझ्या पोराहून, गुणाहूनबी धाकटा तू."

"हे खांब मी रोवलेत. त्या घरात पोर होऊन शिरू? न्हाई जमायचं."

"मग मेलेलाच रहा."

परशू वळला, तशी काशी कोयता घेऊन बाहेर पडली.

"वैनी, परत घेणार न्हाई!"

"मेलेल्याचीच बायकू ना मी, भावजी? मग अडवता कशाला?"

दोघांनी रानाच्या कडेला खोपटं बांधलं. परशूनं त्याला उंबरा घातला नाही. "साप येतील," म्हणून काशी महिनाभर भांडली आणि शेवटी स्वतःच एक ओंडका ओढून दारात आडवा टाकला.

चंद्रा रोज त्याच वाटेनं शेताला जाई. वीस वर्षांत त्यानं तिकडं मान वळवली नाही. मेलेली माणसं दिसत नाहीत म्हणे. परशूही हट्टी. चंद्रा येताना दिसला की हातातलं काम टाकून तो कुऱ्हाड उचलायचा आणि चंद्रा वळणाआड जाईपर्यंत सरपणाच्या ओंडक्यावर दणादण घाव घालायचा.