थोरलीची पाखरं

मोताळ्याच्या त्या घरात मी दुसरेपणाची म्हणून आले. थोरली आदल्या वर्षी माघात, दुसऱ्या बाळंतपणात गेली होती. मागे राहिली तिची लेक, पाचेक वर्षांची. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चालायचा. आमच्या घरात मात्र हुकूम चाले तो सासूबाईंचा.

शिमग्याच्या सुमारास घरातला कापूस गाड्यांनी नांदुऱ्याच्या जिनात सरकी काढायला गेला, की रिकाम्या खोलीतून मातकट पतंग निघत. दिवेलागणीला कंदिलाभोवती त्यांची झुंबड. आम्ही त्यांना पाखरंच म्हणायचो. थोरली गेल्यावर महिन्याभरात ती निघाली, तेव्हा सासूबाईंनी ठरवून टाकलं की हे तिचंच येणं, घर खायला. मग निखाऱ्यांवर कडुलिंबाचा पाला आणि मिरच्या टाकून धूर करायचा, आणि पडलेली पाखरं झाडून त्याच निखाऱ्यांत लोटायची.

माझ्या पहिल्याच शिमग्याला त्यांनी निखाऱ्यांचं घमेलं माझ्या हातात दिलं. खांबाला धरून उभी असलेली पोर हळूच म्हणाली, "माही माय जळन ना?"

मी घमेलं अंगणात नेलं आणि वर घागर ओतली.

"काऊन व? येड लागलं काय तुले?" सासूबाई ओरडल्या.

"आत्याबाई, पाखरं कापसातली हायेत. अन् तुम्ही म्हणता तशी ती असन, तरी हे घर तिचंच होतं. मी नाही जाळत."

"सवत हाय तुही!"

"सवत हाय, चोर नाही."

माझे यजमान जेवत होते. ते ताटावरून उठले, हात धुतला आणि बाहेर गेले. सासूबाईंना जोर आला. "उद्याच तुह्या बापाच्या घरी नेऊन घालतो तुले."

"जाईन. पण पोरीले घेऊन जाईन."

पोर सासूबाईंचा जीव की प्राण होती. आणि पोर तोवर माझ्या लुगड्याला बिलगली होती.

मी ओसरीवर बसले, कंदिलाची वात मोठी केली, पोरीला मांडीवर घेतलं. एक पाखरू तिच्या मनगटावर बसलं, तशी ती श्वास धरून राहिली.

पाडव्यापर्यंत सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पाडव्याला म्हणाल्या, "वरणात मीठ पाह्य." मी पाहिलं. माफी मात्र मी मागितली नाही.

पुढच्या शिमग्याला शेजारीण दारात येऊन म्हणाली, "यंदा धूर नाही केला काय व? पाखरं किती झाली!"

मी तोंड उघडण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरची पाखरं. आमचं आम्ही पाहू."