जास्वंदीवर मारलेला फवारा

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. बाई होती तोवर तिच्यासमोर तोंड उघडलं नाही. ती गेल्यावर, आता सांगून काय उपयोग, असं स्वतःला समजावत राहिलो. खरं कारण एवढंच की लाज वाटत होती. ती अजूनही वाटते.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती मारेगावजवळच्या आमच्या गावी, माझ्या घरी राहायला आली. लवकरच गावात तिचा एक मान तयार झाला. कोणाच्या डोळ्यात कुसळ गेलं, कापूस वेचताना कचरा उडाला, की बाया तिच्याकडे यायच्या. ती पापणी उलटवून पदराच्या टोकानं तो कण अलगद काढायची. रडत आलेलं माणूस चहा पिऊन जायचं.

एका पावसाळ्यात आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मजूर एका हिरव्या सरड्याला दगड मारत होते. रंग बदलणारा, मागेपुढे डुलत चालणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा सरडा. तो विषारी असतो असं आमच्याकडे सगळेच मानतात. बाईनं त्याला काठीवर चढवून घरी आणलं आणि अंगणातल्या जास्वंदीवर सोडलं. तो तिथेच राहिला. बाई रोज नाकतोडे धरून आणायची, काडीनं त्याच्यापुढे करायची.

"पाह्य, एक डोया माह्यावर, एक तुह्यावर," ती मला म्हणायची. "तुह्यावानीच हाय, भाऊ. जागचा हलत नाही अन् साऱ्या गावावर नजर."

त्याच हंगामात एकदा कपाशीवर फवारणी करून मी घरी आलो. पंपात थोडं औषध उरलं होतं. कालवलेलं औषध ठेवता येत नाही आणि ओतून देणं जिवावर येतं, म्हणून आमच्याकडे कितीतरी जण ते घरच्या झाडांवर मारून टाकतात. जास्वंदीवर पांढरी कीड पडली होती. बाई बारशाला गेली होती. मी झाडावर पंप रिकामा केला. सरडा दिसला नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं तर मी पाहिलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याचा उजवा डोळा सुजला. भर उन्हात तो मिटलेला असायचा. जीभ फेकायचा, पण नाकतोडा बाजूलाच राहायचा. बाईनं पाणी उकळून, निववून, कापसाच्या बोळ्यानं डोळा पुसला. मग त्रिफळ्याचं गाळलेलं पाणी दोन-दोन थेंब दोन्ही डोळ्यांत टाकलं. दुसऱ्या दिवशी डावा डोळाही मिटला.

"भाऊ, गाडी काढ," ती म्हणाली.

मारेगावला जनावरांच्या डॉक्टरनं टोपलीत डोकावून पाहिलं. "आजी, हा घरी ठेवायचा प्राणी नाही. बरा झाला की रानात सोडा. डोळ्यांत काय टाकलं?"

"त्रिफळ्याचं पाणी."

"घरचं काही टाकू नये. त्यानंही बिघडलं असेल. झाडावर फवारणी वगैरे झाली होती का?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

माझ्या वयाला शोभेल अशा ठाम आवाजात म्हणालो. डॉक्टरनं थेंब लिहून दिले. खरं सांगितलं असतं तर त्यानं कदाचित वेगळा उपाय केला असता. किमान आम्ही सरड्याला परत त्याच झाडावर ठेवलं नसतं. बाई चिमट्यानं त्याच्या तोंडात किडे भरवू पाहायची. आठवड्याच्या आत तो गेला.

पुढच्या महिन्यात शेजारीण तिच्या मुलीला घेऊन आली. डोळ्यात कचरा होता.

"मले नोको सांगू व," बाई म्हणाली. "दवाखान्यात ने."

"काहून व मावशी? एका सरड्यापायी एवढं?"

"माह्या हातानं आंधया झाला तो."

मी ओसरीत पेपर वाचत होतो. पान उलटलं. त्यानंतर बाईनं कोणाच्याच डोळ्याला हात लावला नाही. काही दिवस बाया आल्या, मग यायच्या थांबल्या. दुपारची ती एकटीच दारात बसलेली असायची, हात मांडीवर ठेवून.

दोन वर्षांनी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब मीच टाकायचो. ती मान मागे करून निमूट बसायची, तिचा चेहरा माझ्या दोन्ही हातांत असायचा. महिनाभर रोज ठरवायचो, आज सांगू. आणि रोज एवढंच म्हणायचो, "वर पाह्य, हलू नोको." पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

म्हणायचं होतं ते असं: बाई, तुह्या हातानं काहीच नाही झालं. फवारा मी मारलता, अन् डॉक्टरपुढं खोटंही मीच बोललो. मले माफ कर.