हार घातलेले पॅनल

कोलशेतचा कारखाना बंद पडला, तेव्हा मेहुण्याने मस्कतमध्ये माझ्यासाठी नोकरी पाहून ठेवली होती. मला मुलीला आणि पत्नीला सोडून जायचे नव्हते. म्हणून पंचेचाळिशीत मी खडवलीच्या एका संस्थेत सौरऊर्जेच्या प्रशिक्षणासाठी नाव नोंदवले. मेहुण्याला मात्र अजून नाही म्हणालो नव्हतो, आणि मस्कतचे हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होते.

वर्गात एकच पॅनल होते. उद्घाटनाला त्याची पूजा झाली होती. काचेवर हळदकुंकू वाळलेले, वर झेंडूचा सुकलेला हार. त्याला हात लावायला बंदी होती. पाहुणे आले की त्याच्याशेजारी आमचे फोटो निघत. वायर जोडायला आम्ही फळ्यावरच्या चित्रावरून शिकलो.

मी भिडस्त माणूस. तरी शेवटच्या आठवड्यात उठून विचारले, "सर, हे एकदा गच्चीवर नेऊ या का?"

"अहो काका, फुटलं तर? सर्टिफिकेट घ्या आणि जा ना मस्कतला! तिथे ऊनच ऊन."

वर्ग हसला. माझी कानशिले तापली. जे टाळायला मी इथे आलो होतो, तिकडेच हा गृहस्थ मला हसत हसत पाठवत होता. मी पुढे जाऊन हार काढला, रुमालाने कुंकू पुसले आणि म्हणालो, "दुसरी बाजू कोणीतरी धरा."

सर्वांत मोठ्याने हसलेलाच उठला. "चला काका, सर नुसते बघत उभे आहेत तोवर पळू."

गच्चीवर उन्हात वायरी जोडल्या आणि मीटरचा काटा हलला. तेवढ्यासाठी आम्हाला इतके महिने सावलीत बसवले होते! संताप ओसरेना. त्याच संतापात मी तिथूनच मेहुण्याला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितले.