काखेतली गाठ आणि दुसरी सुई

"सुनीताताई, छातीतली गाठ कॅन्सरची आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. शेजारी बसलेल्या माझ्या धाकट्या जावेने, वंदनाने, माझा हात धरला. मी विचारलं, "पसरलाय का?"

"तेच आता बघायचं आहे."

हा आजार बहुतेक वेळा आधी काखेतल्या गाठींत, म्हणजे लिम्फ नोड्समध्ये जातो, असं त्यांनी सांगितलं. सोनोग्राफीत माझ्या काखेतली एक गाठ सुजलेली दिसली. त्याच दिवशी एफएनएसी झाली. म्हणजे इंजेक्शनसारख्या बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून काचपट्टीवर तपासतात. फारसं दुखलं नाही.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सरच्या पेशी दिसल्या नव्हत्या. वंदनाने लगेच बोटीवर असलेल्या माझ्या नवऱ्याला फोन लावला. मॅडमचा चेहरा मात्र खुलला नाही.

"सोनोग्राफी एक सांगतेय, सुई दुसरं," त्या म्हणाल्या. "बारीक सुईत पेशी कमी येतात, कधी नेमकी जागा चुकते. दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. कोअर बायोप्सी करू या. ती सुई जाड असते, गाठीचा बारीक तुकडाच निघतो. थोडं दुखेल."

बाहेर आल्यावर वंदना म्हणाली, "वहिनी, एकदा नाय म्हणाले ना? मग परत कशाला? टोचून टोचून पसरतो म्हणतात."

भीती मलाही वाटत होती. पण हातखंब्याजवळच्या काजू कारखान्यात मी बी खरेदीचं काम बघते. पोत्यात लोखंडी परखी खुपसून नमुना काढते. नमुना चांगला आला, पण पोतं हाताला ओलसर लागलं, तर परखी परत खोल घालते. पोत्यासाठी एवढं करते, मग स्वतःसाठी का नको?

मी परत आत गेले आणि पसरण्याबद्दल सरळ विचारलं. "त्या भीतीने तपासणी टाळू नका," मॅडम म्हणाल्या. "न तपासण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा."

कोअरच्या दिवशी जागा बधिर केली. स्टेपलर मारल्यासारखा आवाज तीनदा झाला. आठवडाभर काख काळीनिळी होती. मी कामावर जात राहिले. घरात बसून रिपोर्टची वाट बघणं मला जमलं नसतं.

तुकड्यात कॅन्सर निघाला. वंदना रडली, मीही रडले. मग डोळे पुसून मी मॅडमना विचारलं, "आता काय बदललं?"

"क्रम बदलला. नाहीतर आधी ऑपरेशन केलं असतं. आता आधी केमो, म्हणजे औषधाने आजार आटवायचा. मग छातीचं आणि काखेचं ऑपरेशन."

केमोत केस गेले, तोंडाची चव गेली. माशाच्या आमटीचा वाससुद्धा सोसेना. वंदना रोज मऊ पेज करून समोर बसायची, संपेपर्यंत उठायची नाही. ऑपरेशननंतरच्या तपासणीत काखेतल्या गाठींत कॅन्सर उरला नव्हता. हात वर नेताना अजून ओढतं. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम मी चुकवत नाही.

बारीक सुई वाईट नाही. तिच्यातच कॅन्सर सापडला, तर बऱ्याचदा जाड सुई टळते. पण ती 'नाही' म्हणाली आणि सोनोग्राफीत शंका असेल, तर डॉक्टरांना विचारा. विचारायला लाजू नका. चांगल्या रिपोर्टवर मॅडम समाधान मानून बसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

कारखान्यात आम्ही बऱ्याच बायका आहोत. गाठ लागतेय म्हणून कुणी हळूच कानाशी आली, की पूर्वी मी म्हणायचे, "काय नसेल गो." आता म्हणते, "उद्या रजा टाक. मी येते बरोबर."