तळमजला, लिफ्ट आणि मानसीचा हात

माझ्यासारखीने इथे लिहिणे आगाऊपणाचे आहे, क्षमा असावी.

आज वेलिंग्टनमधील माझ्या लीजहोल्ड, म्हणजे भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील, फ्लॅटच्या विक्रीचा व्यवहार मोडला. लिफ्टदुरुस्तीचा सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या देखभालखर्चातला माझा वाटा, मी भरलेला नाही, हे पाहून खरेदीदार मागे हटला. तळमजल्यावर राहून लिफ्टचा खर्च मी का द्यावा?

तळमजल्यावरच शेजारी राहणाऱ्या मानसीचा फ्लॅट मात्र गेल्याच महिन्यात विकला गेला. आज सकाळी फोनवर ती हसत म्हणाली, "अगं स्कॉलर, मी इमारतीच्या वार्षिक सभेत हात वर केला, माझा चार्ज माफ झाला. तू का गप्प बसलीस?"

तळमजल्याला सभेत आक्षेप घेता येतो, हा नियम त्याच सभेत शेजारी बसून मीच तिच्या कानात सांगितला होता.

तिच्या त्या हाताचा मला सकाळपासून हेवा वाटतो आहे. उत्तर ठाऊक असूनही तुमचा हात कधी खालीच राहिला आहे का?

१८ मे २०१७, सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटे